दूरथांब्याच्या भिंतीचा रंग

१

मी रंग विकतो. बत्तीस वर्षं झाली. शाळा सातवीत सुटली, पण डोळ्यांची शाळा अजून चालू आहे, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो आणि ते हसतात. गोष्ट मात्र खरी आहे. कुठल्याही भिंतीचा नखाएवढा पोपडा माझ्या काउंटरवर आणून ठेवा, शेडकार्ड न उघडता मी तुम्हाला तो रंग काढून देतो. एकदा एक बाई फुटक्या कपाचा कान घेऊन आल्या. कप सासूबाईंचा. तो फुटला तेव्हा दोघींचं जन्मातलं एकुलतं एक मोठं भांडण झालं होतं, आणि आता सासूबाई गेल्यावर सुनेला स्वयंपाकघर त्याच रंगाचं हवं होतं. तीनदा मिसळलं, चौथ्यांदा जमलं. भिंत बघून बाईंनी मला फोन केला आणि नुसत्या रडल्या. याला मी धंदा म्हणतो.

दुसरं वेड ‘दूरथांबा’.

मी दहा वर्षांचा होतो, दादा चौदाचा. दर गुरुवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरच्या घरी काळ्यापांढऱ्या टीव्हीसमोर आम्ही मांडी ठोकून बसायचो. ताऱ्यांच्या मधल्या ओसाड जागेत एक थांबा आहे. यानं येतात, प्रवासी उतरतात, पुढच्या यानाची वाट बघत एका खोलीत बसतात. दर भागात एक प्रवासी, एक गोष्ट. असे सव्वीस भाग. पुढे रंगीत मालिका आली, तीन सिनेमे आले, कादंबऱ्या, चित्रकथा, खेळणी, आता मोबाइलवरचा खेळसुद्धा. मी सगळं पाहिलं आणि सगळं घेतलं. पण आम्हा जुन्या लोकांचं इमान त्या पहिल्या सव्वीस भागांशी, आणि त्यातल्या त्या खोलीशी.

लांबट खोली. एक बाक. मागच्या भिंतीत एक गोल दार. प्रवासी डावीकडून येतात, उजवीकडून जातात. गोल दार सव्वीस भागांत एकदाही उघडत नाही. त्यामागे काय असेल यावर आम्ही भावांनी उभा जन्म वाद घातला. दादाच्या मते तिथे मालिकेचं खरं गुपित होतं. माझ्या मते तिथे सेटवरचा चहावाला बसत असणार.

आमचा चौदा जणांचा गट आहे. लोक आम्हाला थांबेकर म्हणतात. माझी बायको तर म्हणते, दारावरच्या पाटीवरही तेच आडनाव घाला. गटात दोन प्रथा. मालिकेचा पहिला भाग ज्या तारखेला लागला, त्या तारखेला आम्ही जमतो, आवाज पूर्ण बंद करून तो भाग लावतो आणि सगळे संवाद आपल्या तोंडाने म्हणतो. ज्याचं त्याचं पात्र ठरलेलं. पडद्यावरच्या ओठांशी आपले शब्द जुळले पाहिजेत. दुसरी प्रथा बाईंची. बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका, गटात सगळ्यात थोरल्या. मालिकेतली प्रत्येक चूक त्यांच्या वहीत नंबर घालून लिहिलेली आहे. कुणाचं घड्याळ एका दृश्यात डाव्या हातात आणि पुढच्यात उजव्या, अशा तीनशे अकरा चुका. आणि नियम असा, की आम्ही खेळणं बनवो नाहीतर गणवेश, ते चुकांसकट बनवायचं. मुळात आहे, म्हणजे बरोबर आहे.

लोकांना हे खूळ वाटतं. मी त्यांना विचारतो, तुमच्याकडे असं काय आहे, ज्यातल्या चुकाही तुम्हाला पाठ आहेत?

२

गेल्या वर्षी दादाला झटका आला. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासणारा माणूस. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. कळायचं सगळं. उत्तर डोळ्यांत यायचं, ओठांपर्यंत पोचायचं नाही.

“इतकी वर्षं हा माणूस माझ्याशी वाद घालत आलाय, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “आता घर इतकं गप्प असतं की मीच दोन्ही बाजूंनी भांडते. आणि तरी हरते.”

डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या जागेत ठेवा, ओळखीचे आवाज कानावर पडू द्या, कधी कधी वाचा परत येते. मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच ठरवलं. दादाच्या ओळखीची जागा कोणती, हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

दुकानामागचं गोडाउन रिकामं केलं. गटातल्या सुताराने बाक केला. गोल दार प्लायवूडचं, विटांच्या भिंतीवर सोळा खिळ्यांनी ठोकलेलं. लांबी, रुंदी, बाकाच्या पायावरचा ओरखडा, सगळं बाईंच्या वहीतून. राहिला रंग.

इथे भलेभले अडकले होते. सव्वीस भाग काळेपांढरे, सेट कधीच मोडून टाकलेला, त्या खोलीचा खरा रंग कुणालाच ठाऊक नाही. थांबेकरांमध्ये यावरून अबोले धरले गेले आहेत. मी दोन दिवसांत सोडवलं, आणि कसं ते सांगतो, कारण मला त्याचा अभिमान आहे.

सातव्या भागात रखवालदार भिंतीला टेकून उभा राहतो आणि त्याचा गणवेश भिंतीत विरून जातो. नुसतं डोकं आणि दोन हात हवेत. वहीत ही चूक नंबर अठ्ठ्याऐंशी. म्हणजे काळ्यापांढऱ्यात गणवेशाचा करडा आणि भिंतीचा करडा एकच. गणवेशाचं कापड बाईंकडे आहे, जुन्या शिंप्याकडून मिळवलेलं. विटकरी लाल. आता सगळे म्हणायचे, म्हणजे भिंतही विटकरी. मी म्हटलं, नाही. सेट रंगवणाऱ्याला दोन्ही रंग सारखे दिसले असते तर त्याने तेव्हाच बदलले नसते का? त्याच्या डोळ्यांना ते अगदी वेगळे दिसत होते, म्हणूनच तर तो फसला. लालपासून सगळ्यात वेगळा काय? हिरवा. असा हिरवा, जो करड्यात त्या लालएवढाच पडेल.

अकरा डबे वाया गेले. बाराव्याला मी ते कापड भिंतीवर धरलं, काळापांढरा फोटो काढला, आणि फोटोत कापड दिसेना.

३

माझा रंगारी बावीस वर्षं माझ्याबरोबर आहे. छत रंगवताना त्याच्या चष्म्यावर थेंब पडत नाही, असा हात. भिंतींना रंगाचा दुसरा हात देऊन झाला तेव्हा मी बघायला गेलो. गोल दाराच्या उजव्या कडेखाली, वीतभर लांबीचा ओघळ.

“हे काय?”

“ओघळ.”

“तो मलाही दिसतोय. आला कसा?”

“दार हललं, शेठ.”

“कुठलं दार?”

त्याने ब्रशनेच दाखवलं.

“अरे बाबा, ते दार नाही. लाकडाची चकती आहे. मागे नऊ इंची भिंत आहे.”

“मी पण स्वतःला तेच सांगितलं,” तो म्हणाला. “तेवढ्यात हात हलला.”

मी हसलो. माणूस पन्नाशी ओलांडतो, हात कधीतरी हलणारच. पण ओघळाकडे पुन्हा बघितलं आणि थोडा थांबलो. तो खाली येऊन शेवटी डावीकडे वळला होता, छत्रीच्या मुठीसारखा. ओघळ वळत नसतो. रंग जड असतो, सरळ खाली येतो, हे मला कुणी शिकवायला नको. पंख्याच्या वाऱ्याने झालं असेल, असं मी रंगाऱ्याला सांगितलं. गोडाउनमध्ये पंखा नाही, हे मला दुकानात येऊन बसल्यावर आठवलं.

वाळल्यावर घासून काढू, म्हटलं.

४

त्या वर्षीचा संवाद म्हणायचा कार्यक्रम आम्ही त्याच खोलीत केला. रविवार, सकाळचे अकरा. टीव्ही समोरच्या भिंतीपाशी ठेवला. आम्ही चौदा जण काही बाकावर, काही खुर्च्यांवर. पडद्यावर ती खोली, आणि तिच्यातच आम्ही बसलेले. गोल दार समोर पडद्यातही, पाठीमागेही. सगळे लग्नाला आल्यासारखे खूश होते. बाईंनी भिंतीवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, “पैकीच्या पैकी.” बाईंनी उभ्या नोकरीत हे किती जणांना म्हटलं असेल, देव जाणे.

दादाला बाकाच्या टोकाला बसवलं. तो दरवर्षी रखवालदार व्हायचा. रखवालदाराला पहिल्या भागात एकच वाक्य आहे. यंदा ते वाक्य सोडून द्यायचं ठरलं होतं.

चौथ्या मिनिटाला माझं वाक्य येतं. मी सामान उतरवणारा कारकून. मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. पडद्यावर, गोल दाराच्या उजव्या कडेखाली, वीतभर ओघळ होता. शेवटी डावीकडे वळलेला.

हा भाग मी दोनशे वेळा तरी पाहिला असेल. आणि मी रंगवाला आहे. लोक नट बघतात तेव्हा मी भिंती बघतो. तो ओघळ तिथे नव्हता.

बाईंनी माझ्याकडे डोळे वटारले. वाक्य गेलं होतं. पुढचं वाक्य रखवालदाराचं. पडद्यावर रखवालदाराचे ओठ हलले, आणि खोलीत दादाचा आवाज आला. खणखणीत, सात महिन्यांपूर्वीचा.

“सामान इथेच राहू द्या. तिकडे लागत नाही.”

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातला ट्रे सुटला. मग जे झालं ते तुम्हीच समजून घ्या. सुतार, जो सहसा हसतसुद्धा नाही, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

सगळे पांगल्यावर मी बाईंना ओघळ दाखवला. त्यांनी भाग मागे नेला, बघितला, वही चाळली.

“नोंद नाही.”

“म्हणजे नव्हता.”

“म्हणजे माझ्या नजरेतून सुटला होता,” बाई म्हणाल्या आणि पेन काढून लिहिलं, तीनशे बारा. “तुमच्या रंगाऱ्याने भाग बघून हुबेहूब उतरवलाय. हुशार आहे हो. आता मुळात आहे म्हटल्यावर भिंतीवरचा घासायचा नाही हं.”

मी रंगाऱ्याला विचारलं, तू दूरथांबा बघतोस का. तो म्हणाला, “ज्यात लग्न नाही ते मी बघत नाही, शेठ.”

ओघळ राहिला. दादा बोलला होता. त्यापुढे बोटभर रंगाचं कौतुक कुणाला?

५

एक ते चार दुकान बंद असतं. वहिनी रोज त्या वेळेत दादाला घेऊन येऊ लागल्या. पहिल्या आठवड्यात सुटे शब्द, दुसऱ्यात वाक्यं. तिसऱ्यात तर त्याने वहिनींच्या विणकामातली चूक काढली आणि दोघांचं कडाक्याचं वाजलं. वहिनींचा चेहरा दहा वर्षांनी उतरला. म्हणजे वयाने.

फक्त एक. उंबरठा ओलांडला की शब्द संपायचे. बाहेर पाय टाकला, गप्प. आत आला, चालू. वहिनी चेष्टेने म्हणाल्या, “आत मीटर बसवलाय का हो, भाऊजी?” मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असं होतं, जागेशी जोडलेली आठवण असते, हळूहळू बाहेरही पसरेल. शहाणा माणूस. मला पटलं.

एके दिवशी वहिनी दादाला सोडून औषधं आणायला गेल्या. मी काउंटरमागे डबा खात बसलो होतो. पाठीमागच्या भिंतीतून दादाचं बोलणं येत होतं. थोडं बोलायचा, थांबायचा, पुन्हा बोलायचा. शब्द शोधतोय, म्हटलं.

मग घास हातातच राहिला.

बत्तीस वर्षं मी फोनवर बोलत आलोय. शब्द शोधणाऱ्या माणसाचं गप्प बसणं वेगळं, ऐकणाऱ्याचं वेगळं. शोधणारा मध्येच तुटतो. ऐकणारा वाक्य पुरं करून थांबतो, आणि मधून मधून “हं” म्हणतो.

दादा “हं” म्हणत होता.

मी आत गेलो. तो बाकावर उलटा बसला होता, गोल दाराकडे तोंड करून. मला बघून हसला. “तुझा डबा गार होतोय,” म्हणाला. मी दारापाशी जाऊन सोळाच्या सोळा खिळे मोजले. अंगठ्याने दाबले. घट्ट.

भिंतीपलीकडे बॅटरीवाल्याचं दुकान आहे. मी फिरून त्याच्याकडे गेलो. त्याच्या बाजूला तीच भिंत, वर कपाटं.

“रंगाचा वास येतो का हो तुमच्याकडे?” मी उगाच विचारलं.

“वासाचं काही नाही. पण शेठ, दुपारी तुमच्याकडे फार माणसं बसतात का? वाट बघत?”

“बोलण्याचा आवाज येतो?”

“छे, बोलत नाही कुणी. घसे खाकरतात. पाय हलवतात. दवाखान्याबाहेर बसल्यासारखे.”

दुपारी आमच्याकडे कोणीच नसतं, हे मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, गिऱ्हाइकं असतात, शेडकार्ड बघत बसतात. चांगल्या शेजाऱ्याला उगाच घोर कशाला लावा?

त्या दुपारी मी काउंटरवर मालिकेचे भाग एकेक करून लावत बसलो. नवव्या भागात बाकाला टेकवलेली एक काठी दिसली. दादाच्या काठीला मूठ धरायच्या जागी मी स्वतः सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे. पडद्यावरच्या काठीलाही पट्टी होती.

डोकं ताळ्यावर ठेवायचं ठरवलं तर ठेवता येतं. इतकं हुबेहूब केल्यावर आठवण आणि डोळे एकमेकांत मिसळणार. दोन रंग एका डब्यात ओतले की कोणता कुठला हे मला तरी कुठे सांगता येतं?

६

“रंग बरोबर आहे,” दादा म्हणाला.

गुरुवार होता. वहिनी विणत होत्या, मी दाराशी उभा.

“कुठला?”

“भिंतीचा. तू बरोब्बर ओळखलास. ते म्हणाले.”

खरं सांगतो, आधी मला बरं वाटलं. माणसाचा स्वभाव असतो. बरं वाटून झाल्यावर मग मी विचारलं, “ते कोण?”

त्याने डाव्या हाताने गोल दाराकडे बोट केलं, घरातल्या पाहुण्यांकडे करावं तसं. “तिकडे काळंपांढरं नाहीये रे. सगळ्याला रंग आहे. आणि तिकडे दोन्ही हात चालतात. रविवारी मी जाणार. जागा झालीये एक.”

वहिनींच्या सुया थांबल्या नाहीत. “मालिकेतलं बोलतायत,” त्या हळूच मला म्हणाल्या. “बोलू द्या.”

मी त्यांना बाहेर घेऊन गेलो. “वहिनी, उद्यापासून याला इथे आणायचं नाही.”

“का?”

आता का ते काय सांगणार? ओघळ वळला, काठी दिसली, बॅटरीवाल्याला खाकरण्याचे आवाज येतात? मी म्हटलं, “मला भीती वाटते.”

“तुम्हाला?” वहिनी हसल्या, मग त्यांचा चेहरा बदलला. “भाऊजी, सात महिने मी भिंतींशी बोलत होते. आता नवरा बोलतोय. फक्त इथे बोलतोय, तर इथे. तुमची भीती तुमच्यापाशी ठेवा. मला बोलणारा माणूस हवाय.”

“आणि रविवारी तो गेला तर?”

“कुठे जाईल? विटांमधून?”

धंद्यात एक गोष्ट शिकलोय: समोरचा सरळ ऐकत नसेल तर वाद घालू नये, माल बदलावा. गिऱ्हाइकाला सासूबाईंच्या कपाचा रंग चारच थेंब चुकवून दिला असता तर त्यांना कारण कळलं नसतं, पण त्या रडल्या नसत्या. खोली मोडायची नाही. बाक राहील, दार राहील. फक्त रंग चार थेंब हलवायचा. दादाला ओळखीची जागा दिसेल, तो बोलत राहील. आणि ती खोली ‘ती’ खोली राहणार नाही. दोघांचंही समाधान. मला माझीच युक्ती फार आवडली.

रंगाऱ्याला बोलावलं. तो उंबरठ्यापर्यंत आला, आत बघितलं आणि ब्रश पिशवीत ठेवला. “दुसरं कुठलंही काम सांगा, शेठ.”

७

शनिवारी दुपारी शटर ओढलं आणि मीच रोलर घेतला. त्याच हिरव्यात चार थेंब पिवळा. कुणाला फरक दिसला नसता. मला दिसला, आणि चुकीचा रंग मुद्दाम लावताना हात जड होतो हेही कळलं. डावी भिंत झाली, उजवी झाली. समोरची सुरू केली तेव्हा मागचा दरवाजा वाजला. वहिनी दादाला घेऊन उभ्या होत्या.

“वासाने कळलं,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी दादाला बाकावर बसवलं, आता रंगवा बघू, अशा थाटात.

दादाने भिंतींकडे बघितलं. “हे काय केलंस? उद्या माझं जायचं आहे आणि तू आज...”

मी रोलर फिरवत राहिलो.

“अरे, मी काय सांगतोय, उद्या मला...”

अर्धी भिंत झाली.

“उद्या... मला...”

“भाऊजी, थांबा!” वहिनी ओरडल्या. “ऐकताय ना? शब्द चाललेत!”

ऐकत होतो. प्रत्येक पट्ट्यासरशी एक शब्द गळत होता, आणि तो माझ्या हाताने गळत होता. “वहिनी, बोलणारा हवा की असलेला?”

“दोन्ही!” त्या म्हणाल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं.

समोरची भिंत संपली. आता फक्त दाराची. दादाच्या तोंडून “अरे” एवढंच येत होतं, पुन्हा पुन्हा. मी कडांपासून आत येत गेलो. ओघळ झाकला. मग रोलर गोल दारावर ठेवला.

दार आत गेलं.

बोटभर. दार ढकलून बघावं तसं, सहज. फटीतून दिसलं तेवढं सांगतो, आणि त्याच्यापुढे मला विचारू नका. हिरवी भिंत होती, माझ्या बाराव्या डब्यातली, चार थेंबांशिवायची. तिच्यापुढे एक बाक होता, आमच्या बाकापेक्षा कितीतरी लांब, आणि बाकावर गुडघे. एकाला लागून एक, जवळजवळ, गर्दीत बसतात तसे. सगळे इकडे वळलेले. चेहऱ्यांपर्यंत फट पोचत नव्हती.

मी तळहाताने दार ओढून घेतलं. हो, ओढून. कुठे धरलं ते आठवत नाही. आणि वरून रोलर फिरवला, एकदा, दोनदा, कडेकडेने. सोळा खिळ्यांची डोकी होती तिथेच होती. रंग बसला. खोली साधी झाली. गोडाउन, हिरवा डिस्टेंपर, एक बाक. अंगावरून ओझं उतरावं तसं मला वाटलं, आणि मी वळलो.

दादा गप्प होता. तोंड उघडं, डोळ्यांत उत्तर, ओठांवर काही नाही. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. असं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही.

“आणलात ना यांना परत तिथेच,” त्या म्हणाल्या. 

“निदान आहे तरी,” मी म्हटलं. “बोलणं पुन्हा येईल. मी बघतो. घरी बसून शिकवू त्याला, एकेक शब्द.” आणि मला खरंच तसं वाटत होतं. मी बाकावर दादाशेजारी बसलो, त्याचा चालता हात हातात घेतला.

तेव्हा भिंतीतून दादाचा आवाज आला.

खणखणीत. अडखळणं नाही, शोधणं नाही. वहिनींचं नाव घेऊन, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी घ्यायचा तसं. दादाचे ओठ माझ्यासमोर होते. मिटलेले.

वहिनी भिंतीपाशी गेल्या. ओल्या रंगाला त्यांनी कान लावला, गाल टेकला. आवाज काहीतरी म्हणाला, त्या हसल्या. काहीतरी म्हणाल्या, तो हसला. विणकामातल्या चुकीबद्दल होतं ते, मला वाटतं. वाद घालत होते दोघं. वहिनींच्या केसांना, कानाला, गालाला हिरवा लागला होता आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

“भाऊजी,” त्या वळून म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. “हे विचारतायत, दार उघडू का?”

माझ्या हातातला दादाचा हात आवळला गेला. नखं रुतली. मी त्याच्याकडे बघितलं. तो मान हलवत होता. नाही. नाही. त्याच्या डोळ्यांत जे उत्तर होतं ते मी आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचलं: भिंतीपलीकडे जो कोणी बोलत होता त्याच्याकडे दादाचा आवाज होता, सगळा, पण तो दादा नव्हता.

वहिनींचा हात गोल दारावर होता.

मी चाळीस वर्षांचा चाहता आहे आणि बत्तीस वर्षांचा व्यापारी. घाबरलेल्या माणसाने घाई करायची नसते, वेळ काढायचा असतो, एवढं मला येतं.

“रंग ओला आहे, वहिनी,” मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं. “आत्ता दार उघडलं तर खराब होईल. वाळायला चार तास लागतात.” आणि डबा उचलून त्यावर छापलेलं त्यांना वाचून दाखवलं.

वहिनींना ते पटलं. त्यांनी भिंतीला तोंड लावून तसं सांगितलं. चार तास.

पलीकडून पाय हलवल्याचा, सरकून बसल्याचा आवाज आला, लांबवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुणीतरी घसा खाकरला.

“चालेल,” दादाच्या आवाजात उत्तर आलं. “आम्ही बसतो.”